घरच्या घरी शॉवर आर्म बसवणे आणि बदलणे : नाशिककर नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

न्हाणीघराच्या भिंतीतून बाहेर येऊन पुढे वाकलेला आणि टोकाला शॉवर धरून ठेवणारा जो आखूड पाइप असतो, त्याला शॉवर आर्म म्हणतात. तो बदलण्याचे काम अवघड नाही. साधी हत्यारे, एक मोकळी सकाळ आणि थोडा संयम एवढ्यावर ते घरातील कोणीही प्रौढ व्यक्ती करू शकते. मात्र या कामातील खरा सांधा आपल्या डोळ्यांसमोर नसतो. शॉवर आर्मचे भिंतीकडील टोक टाइलच्या मागे, भिंतीत बसवलेल्या एल्बोमध्ये, म्हणजे पाइपाला वळण देणाऱ्या जोडात, आवळलेले असते आणि त्यावर फ्लँजची चकचकीत तबकडी बसते. हा सांधा नळाच्या कॉकच्या पुढे असल्यामुळे त्यावर पाण्याचा दाब फक्त आंघोळीच्या वेळी येतो. इतर वेळी तो कोरडा असतो, त्यामुळे तेथील बारीक गळती टपटप आवाज करत नाही आणि पाण्याच्या बिलातही जाणवत नाही. काही महिन्यांनी पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे निघू लागतात, तेव्हा ती कळते. नाशिकमध्ये पावसाळ्यात भिंतींना ओल येणे नवीन नाही, म्हणून घरचे लोक पावसाला दोष देऊन स्वस्थ राहतात. परंतु न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीची ओल चैत्र-वैशाखातही वाळत नसेल, तर संशय पावसावर नव्हे, पाइपावर घेतला पाहिजे. या लेखात शॉवर आर्म बसवण्याची रीत सांगितली आहे, पण त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग फ्लँज बसवण्यापूर्वी सांध्याची चाचणी घेण्याचा आहे, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

आधी आपल्या घरातील पाइप ओळखावा

नाशिकमध्ये घरांचे वय पाहिले की पाइपाचा अंदाज येतो. जुन्या नाशकातील वाडे, पंचवटीतील जुनी घरे, तसेच सिडकोतील दुरुस्ती न झालेली घरे यांत बहुधा लोखंडी, म्हणजे जीआय पाइप असतात. गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाटा या भागांतील अलीकडच्या इमारतींत भिंतीच्या आतून सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सहन करणाऱ्या प्लास्टिकचे, फिकट पिवळसर पाइप नेलेले असतात आणि शॉवरच्या जागी पितळी आटे असलेला सीपीव्हीसी एल्बो बसवलेला असतो. हा फरक नुसता माहितीसाठी नाही. जीआय एल्बो जोर सहन करतो, पण गंजलेला असू शकतो. सीपीव्हीसी एल्बो गंजत नाही, परंतु त्यातील पितळी कडी प्लास्टिकमध्ये रुतवलेली असल्यामुळे जास्त जोर लावल्यास ती कडी फिरते किंवा एल्बोला तडा जातो, आणि मग टाइल फोडण्याखेरीज इलाज उरत नाही. लोखंडी पाइपाच्या काळात तयार झालेली "जोर लावून आवळा" ही सवय सीपीव्हीसीच्या घरात महागात पडते.

पाइप कोणता आहे हे बाहेरून कळत नसेल, तर गच्चीवर जाऊन टाकीतून खाली उतरणारे पाइप पाहावेत, किंवा फ्लँज मागे सरकवून टॉर्चच्या उजेडात भोकात डोकावावे. कडेला पिवळसर प्लास्टिक आणि मध्ये पितळ दिसले तर सीपीव्हीसी. सगळे राखाडी किंवा गंजाने तांबूस दिसले तर जीआय.

माप आणि खरेदी

भारतात घरगुती शॉवर आर्मचे आटे अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) प्रकारचे असतात. नवशिक्यांची येथे हमखास गफलत होते, कारण आट्यांवर पट्टी धरून मोजले तर व्यास अर्धा इंच, म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरत नाही. तो सुमारे २१ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच हे पाइपाचे नाममात्र माप आहे, आट्यांच्या बाहेरील व्यासाचे नव्हे. दुकानात "अर्धा इंची" असेच सांगावे. परदेशातील नातेवाइकांनी आणलेला अमेरिकी बनावटीचा शॉवर आर्म असेल, तर त्याचे आटे एनपीटी (अमेरिकी मापाच्या) प्रकारचे असतात. दोन्हींत एका इंचाला १४ आटे असल्यामुळे तो पहिले दोन-तीन फेरे व्यवस्थित जातो आणि त्यामुळे जुळल्यासारखा वाटतो, पण आट्यांचा कोन वेगळा असतो, बीएसपीचा ५५ अंश आणि एनपीटीचा ६० अंश. असा सांधा पुढे अडतो किंवा गळतो. सीपीव्हीसी एल्बोवर हा प्रयोग मुळीच करू नये.

लांबी निवडताना न्हाणीघराचा आकार पाहावा. लहान न्हाणीघरात ९ इंची आर्म पुरेसा होतो. १२ ते १८ इंची आर्म मोठ्या चपट्या शॉवरसाठी वापरतात. लांबी वाढली की शॉवरच्या वजनाचा भार भिंतीतील सांध्यावर त्याच प्रमाणात अधिक येतो, म्हणून १५ इंचांहून लांब आर्मला जड शॉवर लावायचा असेल, तर भिंतीला स्क्रूने बसणारा आधाराचा फ्लँज असलेला प्रकारच घ्यावा.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोठा, पावसासारखे पाणी पाडणारा शॉवर सर्वांनाच आवडतो, परंतु टाकी आणि शॉवर यांच्या उंचीतील प्रत्येक मीटर फरकामागे चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.१ किलो एवढाच दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावर टाकीचे पाणी शॉवरपेक्षा दोन-तीन मीटरच वर असते, म्हणजे दाब ०.२ ते ०.३ किलो. प्रेशर पंप नसेल तर तेथे मोठ्या शॉवरमधून पाणी मध्यभागातून धारेसारखे गळते आणि कडेची भोके कोरडी राहतात. अशा घरात चार इंची शॉवर आणि ९ इंची आर्म हीच जोडी समाधान देते. दाब कमी असल्याचे खापर पुष्कळदा नव्या आर्मवर फोडले जाते, पण आर्ममुळे दाब वाढत नाही आणि सहसा कमीही होत नाही.

धातूच्या बाबतीत पितळी किंवा ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा आर्म घ्यावा. दुकानात खिशातील लहान चुंबक लावून पाहावे. पितळाला आणि ३०४ स्टीलला चुंबक जोराने चिकटत नाही. घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरचा मुलामा फसवा आहे, असे समजावे. केवळ चुंबकाने सगळा दर्जा कळत नाही, म्हणून आटे असलेल्या टोकाकडे पाहून पत्र्याची जाडीही तपासावी. आटे पाडल्यानंतर ज्याची कड कागदासारखी पातळ उरली आहे, तो आर्म पहिल्याच जोराला तेथे तुटतो. प्लास्टिकचा आर्म गीझर किंवा सोलर असलेल्या घरात घेऊ नये.

आर्मसोबत टेफ्लॉन टेपची (आट्यांवर गुंडाळायच्या पातळ टेपची) दोन रिळे, अर्धा इंची कॅप (आर्मचे तोंड बंद करणारे टोपण) आणि न्यूट्रल प्रकारचे पांढरे किंवा पारदर्शक सिलिकॉन घ्यावे. कॅप काही रुपयांची वस्तू आहे, पण चाचणीसाठी तिच्यावाचून चालत नाही. ज्यांच्या भिंतीत एल्बो खोल गेलेला आहे, त्यांना एक्स्टेंशन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा आखूड तुकडाही लागेल. त्याची लांबी कशी ठरवायची, हे पुढे येईल.

पाणी आणि वीज बंद करणे

प्रथम गीझरचा स्विच आणि शक्यतो त्याचा एमसीबी (वीजफलकावरील सुरक्षा स्विच) बंद करावा. विशेषतः इन्स्टंट गीझर पाण्याविना चालू राहिला तर त्याचा कॉइल जळतो. त्यानंतर पाणी बंद करावे. तांत्रिक दृष्ट्या शॉवरचा कॉक नीट बंद असेल तर आर्म काढताना पाणी येत नाही, कारण आर्म कॉकच्या पुढे आहे. तरीही फ्लॅटचा किंवा न्हाणीघराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनच काम करावे, असा माझा आग्रह आहे. जुना आर्म निघता निघता भिंतीतील एल्बोला धक्का बसला, तर गळती कॉकच्या अलीकडेही सुरू होऊ शकते आणि त्या क्षणी गच्चीवर धावण्याची वेळ येऊ नये.

नाशिकमध्ये सोलर वॉटर हीटर पुष्कळ घरांवर आहेत. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे सोलरचे गरम पाणीही बंद झाले, असे गृहीत धरू नये. त्याची लाइन स्वतंत्र असते आणि उन्हाच्या दिवसांत त्या टाकीतील पाणी अंग भाजण्याइतके गरम असते. सोलरचा व्हॉल्व्ह वेगळा शोधून बंद करावा, मग न्हाणीघरातील गरम आणि थंड दोन्ही नळ उघडून लाइनमधील पाणी निघून जाऊ द्यावे. सोसायटीत अनेक फ्लॅटना मिळून एकच व्हॉल्व्ह असेल, तर शेजाऱ्यांना आणि वॉचमनला आधी सांगून ठेवावे, म्हणजे कोणी मध्येच तो उघडणार नाही.

काम डोक्याच्या वर, साधारण सात फूट उंचीवर असते. ओल्या फरशीवर प्लास्टिकच्या स्टुलावर उभे राहून जोर लावू नये. रबरी पायांची घडीची शिडी वापरावी आणि फरशी आधी कोरडी करावी. खाली जुने गोणपाट किंवा जाड सतरंजी अंथरावी. तिच्यामुळे हातातून निसटलेला पाना टाइलवर आदळत नाही आणि लहान वस्तू जाळीतून मोरीत जात नाहीत.

जुना आर्म काढणे

आधी शॉवर हेड काढावे, मग फ्लँज पुढे ओढावा. फ्लँजच्या कडेने सिलिकॉन किंवा पांढरे सिमेंट भरलेले असेल, तर कटरच्या पात्याने ते कापून घ्यावे. फ्लँज उचकटू नये, टाइलचा टवका निघतो. आता आर्म दोन्ही हातांनी भिंतीजवळ धरून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. आर्म वाकलेला असल्यामुळे त्याचे पुढचे टोकच तरफेचे काम करते आणि बहुतेक वेळा हाताच्या जोरावर तो सुटतो. मात्र जोर फक्त फिरवण्याचा असावा. आर्म खाली दाबत किंवा वर उचलत फिरवल्यास तो आट्यांपाशी तुटतो.

सुटत नसेल तर आर्मला फडके गुंडाळून भिंतीजवळ पाइप पाना लावावा आणि झटका न देता हळूहळू दाब वाढवावा. जीआय एल्बो असल्यास सांध्यावर गंज सोडवणारे तेल मारून तासभर थांबावे. सीपीव्हीसी एल्बो असेल तर हे तेल वापरू नये. पेट्रोलियमपासून बनलेल्या तेलाने सीपीव्हीसी ठिसूळ होऊन कालांतराने तडकू शकते. अशा ठिकाणी गरम पाण्यात भिजवलेले फडके काही मिनिटे सांध्याभोवती धरून पुन्हा प्रयत्न करावा, आग किंवा हीट गन मात्र लावू नये.

फिरवताना दोन लक्षणांकडे लक्ष ठेवावे. आर्म फिरतो आहे पण बाहेर येत नाही, किंवा भिंतीत "कट" असा आवाज झाला, तर एल्बोच फिरतो आहे असे समजून तेथेच थांबावे. आर्म तुटून त्याचा तुकडा एल्बोत अडकला, तरीही थांबावे. तो तुकडा काढण्यासाठी आतून पकड घेणारे हत्यार मिळते, आणि हॅक्सॉचे पाते आत घालून तुकड्याला खाच पाडण्याचीही रीत आहे. परंतु पाते थोडे जरी खोल गेले तरी एल्बोचे आटे कापले जातात. नवशिक्याने हे काम स्वतः न करता प्लंबरला बोलवावे. यात कमीपणा काही नाही. टाइल फोडण्याचा खर्च त्याच्या मजुरीच्या कित्येक पट असतो.

नव्या फ्लॅटमध्ये शॉवर प्रथमच बसवायचा असेल, तर भिंतीत आर्मऐवजी प्लास्टिकचा डमी प्लग असतो. तो पान्याने किंवा पकडीने सहज निघतो, कारण तो फार आवळलेला नसतो. तो फेकून देऊ नये. पुढे कधी आर्म काढून ठेवावा लागला तर उपयोगी पडतो.

भोक साफ करणे आणि खोली मोजणे

एल्बोच्या आट्यांत जुन्या टेपचे तुकडे, सुतळीचे धागे, सफेदा (सांध्याला लावलेली पांढरी पेस्ट) आणि गंज अडकलेला असतो. तो जुन्या टूथब्रशने आणि टोकदार काडीने काढावा. कचरा आत ढकलला जाऊ नये, म्हणून ब्रश आतून बाहेर ओढत जावा. मग टॉर्च लावून आटे पाहावेत. ते चकचकीत आणि अखंड असले पाहिजेत. एखादा आटा दबलेला किंवा निघालेला दिसला, किंवा जीआय एल्बोचा काठ बोटाने चुरगळत असेल, तर नवा आर्म बसवून उपयोग नाही. एल्बो बदलावा लागेल.

आता पट्टी किंवा पेन्सिल भोकात घालून टाइलच्या पृष्ठभागापासून एल्बोच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजावे. आदर्श स्थितीत एल्बोचे तोंड टाइलच्या पातळीत किंवा किंचित आत असते. गवंडी आणि टाइलवाले यांचा मेळ बसला नाही तर ते इंच-दीड इंच आत राहते, आणि आर्मचे आटे पुरेसे पकडत नाहीत. दोनच आट्यांवर लटकलेला आर्म सुरुवातीला गळत नाही, पण शॉवरचा कोन बदलताना रोज बसणाऱ्या हलक्या धक्क्यांनी ढिला होतो. एल्बो जितका आत असेल तितक्या लांबीचे एक्स्टेंशन निपल घ्यावे आणि त्यालाही टेप लावून आधी एल्बोत आवळावे. निपल टाइलच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर फ्लँज भिंतीला टेकत नाही.

कोरडी जुळणी

टेप लावण्यापूर्वी आर्म एकदा तसाच कोरडा बसवून पाहावा, आणि ही पायरी कोणी टाळू नये. हाताने फिरवत तो किती फेरे आत जातो आणि हलकेच घट्ट होतो तेव्हा त्याचे तोंड कोणत्या दिशेला असते, हे पाहून ठेवावे. आर्मचे तोंड शेवटी बरोबर खाली आले पाहिजे, आणि टेफ्लॉन टेप लावलेला सांधा आवळून झाल्यावर मागे फिरवता येत नाही. पाव फेरा जरी उलटा फिरवला तरी टेप आट्यांमधून फाटतो व पाण्याला वाट मिळते. म्हणून योग्य जागा निघून गेली तर "थोडे मागे घेऊ" असे न करता, सीपीव्हीसी असेल तर आर्म पूर्ण काढून, टेप साफ करून पुन्हा गुंडाळावा. जीआय असेल आणि सांधा अजून मोकळा वाटत असेल तर पूर्ण एक फेरा पुढे नेता येतो. कोरड्या जुळणीत तोंड कोठे थांबते हे माहीत असले की टेपचे वेढे कमी-जास्त करून ही जागा साधता येते.

टेप लावणे

आर्मचे आटे कोरडे आणि स्वच्छ असावेत. आट्यांचे टोक स्वतःकडे करून धरावे आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावा. उलट दिशेने गुंडाळलेला टेप आर्म आत जाताना उलगडत बाहेर येतो आणि सांध्याच्या तोंडाशी त्याचा गोळा होतो. नव्याने काम करणाऱ्यांच्या हातून सांधा गळण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे आर्म सरळ आत घुसतो आणि टेपचे तुकडे पाण्यात जाऊन शॉवरच्या भोकांत अडकत नाहीत. टेप किंचित ताणून, आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, टोकाकडून मागच्या आट्यांकडे न्यावा.

वेढे किती द्यावेत याचे एकच उत्तर नाही, कारण बाजारातील टेपची जाडी सारखी नसते. नेहमीच्या पातळ टेपचे आठ-दहा वेढे देऊन सुरुवात करावी. आटे टेपखाली अस्पष्ट पण ओळखता येण्याजोगे दिसावेत. ते दिसेनासे झाले असतील तर टेप जास्त झाला आहे. जास्त टेप म्हणजे जास्त सुरक्षितता, ही समजूत सीपीव्हीसी एल्बोच्या बाबतीत धोक्याची आहे; जाड टेपमुळे आर्म पाचरीसारखा आत दाबला जातो आणि एल्बो आतून फाकतो. जीआय पाइपावर अनुभवी प्लंबर सुतळी आणि सफेदा वापरतात व तो सांधा चांगला टिकतो, परंतु सीपीव्हीसीच्या एल्बोत सफेदा किंवा तेलकट पेस्ट न वापरता फक्त टेफ्लॉन टेपच लावावा.

आर्म आवळणे

फ्लँज आधीच आर्मवर चढवून पुढच्या बाजूला सरकवावा आणि घसरू नये म्हणून कागदी चिकटपट्टीने तात्पुरता अडकवावा. आर्मचे टोक एल्बोत सरळ धरून पहिले दोन फेरे बोटांनीच द्यावेत. या वेळी अडथळा जाणवला तर आटे तिरके पकडले आहेत. बाहेर काढून पुन्हा सुरू करावे. पुढे हाताने घट्ट होईपर्यंत फिरवावे आणि तेथून साधारण एक ते दीड फेरा जोराने द्यावा. वाकलेल्या आर्मला बहुधा पान्याची गरज पडत नाही. सरळ आर्मला लागल्यास रबरी पट्ट्याचा पाना वापरावा, किंवा जाड फडके गुंडाळून स्क्रू पाना हलकेच लावावा. पाइप पान्याचे दात क्रोमवर उमटले की तेथून पुढे मुलामा सुटू लागतो.

शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात दर वेळी थोडेसे फिरवून तोंडाची दिशा पाहावी. एक जण शिडीवर आणि दुसरा समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला, तर आर्म ओळंब्यात आहे की नाही हे खालच्या माणसाला लगेच कळते. न्हाणीघरातील टाइलची उभी रेघ त्यासाठी सोयीची असते.

चाचणी

आता फ्लँज भिंतीला न लावता आणि शॉवर हेड न बसवता चाचणी घ्यावी. प्रथम मुख्य व्हॉल्व्ह उघडून शॉवरचा कॉक अर्धा मिनिट चालू करावा आणि उघड्या आर्ममधून पाणी जाऊ द्यावे. त्याबरोबर गंज, वाळू, टेपचे तुकडे आणि क्षाराची पूड बाहेर पडते. हीच घाण नव्या शॉवरच्या भोकांत अडकली असती. मग कॉक बंद करून आर्मच्या तोंडावर अर्धा इंची कॅप टेप लावून आवळावी.

कॅप लावण्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उघड्या शॉवरमधून पाणी वाहत असताना आर्ममध्ये दाब फारसा साचत नाही, त्यामुळे तेव्हा न गळणारा सांधा पक्का आहे असे म्हणता येत नाही. कॅप लावून कॉक उघडला की टाकीचा पूर्ण दाब सांध्यावर येतो आणि कमकुवत सांधा लगेच उघडा पडतो. कॅप लावलेली असताना फक्त थंड पाण्याचा कॉक उघडावा. मिक्सरमध्ये गरम आणि थंड दोन्ही एकदम उघडे ठेवले आणि पाण्याला बाहेर जायला वाट नसली, तर जास्त दाबाच्या लाइनमधील पाणी दुसऱ्या लाइनमध्ये शिरते.

प्रेशर पंप असेल तर तोही चालू करावा. सांधा आणि आजूबाजूची टाइल फडक्याने कोरडी करून, भिंतीच्या भोकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास थांबावे. कागद कोरडा राहिला पाहिजे. एखादा ओला ठिपका दिसला तर तो "नंतर बसेल" अशी आशा करू नये. थोडासा आवळून पाहावा. थांबला नाही तर आर्म काढून, आटे साफ करून नवा टेप लावावा. दोनदा नीट करूनही गळत असेल तर दोष टेपमध्ये नसून एल्बोत आहे, आणि तेथून पुढचे काम प्लंबरचे आहे.

थंड पाण्याची चाचणी पूर्ण झाल्यावर कॅप काढून पाच मिनिटे गरम पाणी सोडावे आणि सांधा पुन्हा पाहावा. उष्णतेने धातू आणि प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, त्यामुळे थंड पाण्याला टिकलेला सांधा क्वचित गरम पाण्याला पाझरतो.

फ्लँज, सिलिकॉन आणि शॉवर हेड

चाचणीनंतरच फ्लँज भिंतीला सरकवावा. फ्लँजच्या मागे सिलिकॉनची बारीक रेघ वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेने द्यावी, खालचा थोडा भाग मोकळा ठेवावा. सिलिकॉन लावण्याचा हेतू आंघोळीचे उडालेले पाणी टाइलच्या मागे जाऊ नये हा आहे. आत कधी गळती सुरू झालीच, तर ती खालच्या मोकळ्या जागेतून टाइलवर ओघळ होऊन दिसावी, भिंतीत मुरू नये. पुष्कळ ठिकाणी फ्लँजचा संपूर्ण वेढा पांढऱ्या सिमेंटने बुजवलेला दिसतो. ते दिसायला नीटनेटके असते, परंतु त्यामुळे गळती लपते आणि पुढच्या वेळी फ्लँज काढताना टाइल फुटते. सिलिकॉन वाळण्यासाठी एक दिवस शॉवर वापरू नये.

शॉवर हेडच्या आत रबरी वॉशर असतो. तो जागेवर आहे याची खात्री करावी. वॉशर असलेल्या सांध्याला सहसा टेप लागत नाही, आणि हाताने आवळणे पुरे होते.

नंतरची काळजी

महापालिकेचे धरणाचे पाणी आणि बोअरचे पाणी यांत फरक आहे. ज्या सोसायट्या उन्हाळ्यात बोअर किंवा टँकरवर अवलंबून असतात, तेथे शॉवरच्या भोकांवर आणि आर्मच्या तोंडाशी पांढरे क्षार लवकर साचतात. शॉवर हेड काढून पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात अर्धा तास ठेवावे आणि जुन्या ब्रशने घासावे. ॲसिड किंवा फरशी धुण्याचे जहाल द्रावण क्रोमवर वापरू नये, त्याने मुलामा काळवंडतो व सुटतो. आर्मवर ओले कपडे किंवा आंघोळीची पिशवी अडकवण्याची सवय घरात असेल, तर ती मोडावी. भार भिंतीतील त्याच लहानशा सांध्यावर येतो आणि सीपीव्हीसीत तो सहन करण्याची ताकद कमी असते.

काम झाल्यानंतर पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा, आंघोळ संपल्या संपल्या, फ्लँजच्या खालच्या मोकळ्या कडेला कोरडा कागद टेकवून पाहावा. त्यानंतर वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा सुरू होण्यापूर्वी, कॅप लावून घेतलेली तीच चाचणी पुन्हा करावी आणि न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीवर तळहात ठेवून ओल तपासावी.